मोक्षाचा अधिकार कोणाला?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक लागते. नगरजवळ ह्याच नावाचे दुसरे गाव आहे. येथे सांगावयाचे ते दौंड तालुक्यातले. ह्या केडगावी पंडिता रमाबाई सरस्वती ह्यांनी आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे घालविली आणि तेथे उभारलेल्या वसाहतीस 'मुक्ती' हे नाव दिले. 'मुक्ती मिशन' आजही तेथे चालू आहे. आपल्या घरांतून रमाबाईंचे नाव निघाले की बोलणे पुष्कळदा दोनच गोष्टींवर येऊन थांबते: त्यांनी विधवांसाठी केलेले कार्य, आणि त्यांनी केलेले धर्मांतर. पहिलीसाठी स्तुती व दुसरीसाठी निंदा, एवढ्यावर विषय आटोपतो. परंतु धर्मांतराच्या आधी आणि नंतरही ह्या विदुषीने देवाचे स्वरूप कोणते, मोक्ष कोणाला व कशाने, आणि ईश्वराचा नियम कोणी सांगावयाचा, हे तीन प्रश्न किती नेटाने विचारले, ते सहसा कोणी सांगत नाही. ह्या महिन्यात तेवढेच सांगण्याचा विचार आहे.

प्रश्नाचे मूळ घरातच होते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैष्णव, कर्मठ आणि मोठे संस्कृतज्ञ. त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले आणि त्यामुळे समाजाचा रोष ओढवून घेतला. उडुपीस विद्वानांच्या सभेपुढे त्यांना आपल्या कृतीचे समर्थन करावे लागले, व स्त्रियांना संस्कृत शिकविण्यास शास्त्राचा विरोध नाही हे त्यांनी ग्रंथाधारे दाखविले. मात्र ह्या सुधारणेची मर्यादा त्यांनी स्वतःच आखून ठेविली होती. काव्य, व्याकरण, पुराण हे सर्व स्त्रीने शिकावे. वेद मात्र नाही. १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळ येथे जन्मलेल्या रमाबाईंना आईने शिकविले ते ह्या मर्यादेत राहून. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत होते अशी त्यांची ख्याती झाली. पुढे दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत, पुराण सांगत, १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षांचे होते.

कलकत्त्यातच गाठ पडली ती धर्मशास्त्राशी. पडद्यातील स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावीत असे त्यांना सुचविण्यात आले. त्या तयारीसाठी त्यांनी स्मृतिग्रंथ वाचावयास घेतले. १९०७ साली लिहिलेल्या 'माझी साक्ष' ह्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, इतर असंख्य बाबतींत परस्परांशी भांडणारे हे ग्रंथ दोन गोष्टींविषयी मात्र एकमत होते: एक, स्त्री ही जातीनेच वाईट, आणि दुसरी, पुरुषाला जसा मोक्ष मिळतो तसा तिला मिळावयाचा नाही. पतिसेवा करून, पुढे कधी तरी पुरुषजन्म येऊन, मग जे होईल ते. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन ह्यांनी त्यांना वेद वाचलात काय असे विचारले आणि एक वेदग्रंथ हाती दिला. वडिलांनी आखलेली मर्यादा ओलांडावी की नाही, ह्या विवंचनेत काही काळ गेल्यावर त्यांनी उपनिषदे व वेद वाचले. समाधान झाले नाही.

संस्कृतच्या वर्गावर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याने येथे थोडे थांबणे प्राप्त आहे. रमाबाईंची फिर्याद खरी आहे काय? अंशतः खरी आहे, आणि तो अंश लहान नाही. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार आहे की नाही ही चर्चा येते. तेथे शंकराचार्य वेदद्वारा अधिकार नाकारतात, आणि लगेच इतिहासपुराणांच्या द्वारे ज्ञान होण्यास हरकत नाही, व ज्ञान झाले की मोक्षफळ अटळ आहे, असेही सांगतात. म्हणजे दार बंद आणि खिडकी उघडी. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी स्त्रिया, वैश्य व शूद्र ह्यांनाही परमगती सांगितली आहे. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्यास भरसभेत अडविते आणि मैत्रेयी संपत्ती नाकारून अमृतत्व मागते. आपल्या महाराष्ट्रात मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई ह्यांनी तर अधिकारपत्र कोणाकडे मागितलेच नाही. रमाबाईंचा रोख स्मृती व पुराणे ह्यांवर आहे, संतांच्या अभंगांवर नाही. आणि हे त्यांच्या मांडणीतले वैगुण्य आहे असे माझे मत आहे. पण उलट बाजूही पाहिली पाहिजे. गार्गीचे नाव अभिमानाने घेणाऱ्या घरांतून केशवपन केलेल्या दहा वर्षांच्या मुलीला गार्गीची गोष्ट कोण सांगत होते? ज्या ग्रंथांनी तिचे जेवण, वस्त्र, झोप व मृत्यूनंतरची गती ठरविली, ते उपनिषद् नव्हते. रमाबाईंनी लोकांच्या वागणुकीवर ज्या ग्रंथांचा अंमल होता तेच पुढे घेतले, आणि ते योग्यच केले.

१८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणीविवाह केला. १८८२ साली त्या विधवा झाल्या व कन्या मनोरमा हिला घेऊन महाराष्ट्रात आल्या. पुण्यात आर्य महिला समाज स्थापन झाला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले, आणि १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहून त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

हे कसे घडले ह्याविषयी त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी. लंडनमधील फुलम येथे ह्या भगिनींचा एक आश्रम होता. समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा दिला जाई. रमाबाई तेथे गेल्या. अशा स्त्रियांशी ममतेने वागणारे, त्यांची शुश्रूषा करणारे कोणी असते, हे त्यांनी तेथे प्रथमच पाहिले. आपल्याकडील स्मृतींत अशा स्त्रीसाठी दंड आढळतो. तिला जवळ घ्या, तिला सुधारा, असे सांगणारे वचन त्यांना आढळले नव्हते. त्यांनी एका भगिनीस विचारले की, तुम्ही हे का करता? तिने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविला.

तो अध्याय ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण आपल्या लोकांना तो समजावून सांगावा लागत नाही. येशू हा यहूदी. वाटेत थकून तो एका विहिरीपाशी बसला. पाणी भरावयास एक शोमरोनी स्त्री आली. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. शिवाय ती स्त्री, आणि तीही पाच नवरे होऊन गेलेली. अशा स्त्रीपाशी येशू पाणी मागतो. ती चकित होते, आणि मग एकदम देवाची उपासना आमच्या डोंगरावर करावी की तुमच्या यरुशलेमेत, असा धर्मशास्त्रातला प्रश्न त्याला विचारते! त्यावर येशू सांगतो की, देव आत्मा आहे, त्याची उपासना स्थळाने बांधलेली नाही. विहीर, पाणी, कोणी कोणाच्या हातचे घ्यावे, देव कोठे असतो व त्याच्याविषयी विचारण्याचा अधिकार कोणाला, हे सर्व एका संवादात आहे. अनंतशास्त्र्यांच्या मुलीला तो का भिडला असेल, हे ध्यानात यावयास फार कल्पनाशक्ती लागत नाही.

बाप्तिस्मा झाला म्हणजे प्रश्न संपले, असे भगिनींना वाटले असेल. वस्तुतः ते तेथून सुरू झाले. १८८४-८५ च्या सुमारास रमाबाई चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात शिकत व संस्कृत शिकवीत होत्या. त्या काळात वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील ह्यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना जुन्या वादसभेची आठवण होते. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, शंका, समाधान आणि पुन्हा शंका.

मुख्य शंका देवाच्या स्वरूपाविषयी होती. ख्रिस्ती मत असे की देव एकच, पण त्यात पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती आहेत. आपल्याकडील पुष्कळांना ही ब्रह्मा, विष्णू, महेश अशी त्रिमूर्तीच वाटते. ते बरोबर नाही. त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती व लय अशी कामांची वाटणी आहे. ख्रिस्ती त्रैक्यात तशी वाटणी मुख्य नाही; तत्त्व एक आणि व्यक्ती तीन, असा तो सिद्धान्त आहे. इ. स. ३२५ मध्ये नायकिया येथे ख्रिस्ती धर्माध्यक्षांची परिषद भरली. ॲरियस नावाच्या धर्मोपदेशकाचे म्हणणे होते की पुत्र हा पित्याने निर्मिलेला आहे, म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा नव्हे. परिषदेने ते मत त्याज्य ठरवून पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असा निर्णय दिला. हा निर्णय होऊन पंधराशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर सह्याद्रीत जन्मलेली एक स्त्री इंग्लंडात बसून तोच खटला पुन्हा उघडीत होती. अनेक दैवते सोडून बंगालमध्ये एकेश्वरी मताकडे आलेल्या रमाबाईंना तीन व्यक्तींचा देव मान्य करणे जड गेले. ख्रिस्ताला गुरू मानणे, तारक मानणे हे ठीक. पण तोच ईश्वर हे कशावरून, असा त्यांचा आग्रह होता. मनोरमेच्या धर्मशिक्षणावरूनही त्यामुळे मठाशी खटके उडाले.

ह्याच वेळी दुसरा एक महाराष्ट्रीय ब्राह्मण त्यांना उत्तर देत होता. नीलकंठशास्त्री गोरे ह्यांचे नाव आपल्या वाचकांपैकी थोड्यांना ठाऊक असेल. १८२५ साली जन्मलेले हे चित्पावन पंडित काशीस वाढले. जॉन म्यूर ह्या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून ख्रिस्ती मताचे मंडन केले, तेव्हा वयाची विशी ओलांडण्यापूर्वीच नीलकंठशास्त्र्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून त्यास उत्तर दिले. आक्षेप मार्मिक होते. पूर्वजन्म नाही असे म्हणता, तर एक मूल आंधळे व दुसरे धडधाकट का जन्मते? निरपराध पशूंना दुःख का? मोजक्या वर्षांच्या पापाला अंत नसलेला नरक, हा कोणता न्याय? वेदान्तसूत्रांत ज्यांना वैषम्य व नैर्घृण्य म्हटले आहे, म्हणजे पक्षपात व निर्दयता, ते दोन्ही दोष तुमच्या देवावर येतात. आणि हेच नीलकंठशास्त्री १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले! नंतरच्या 'षड्दर्शनदर्पण' ग्रंथात त्यांनी आपलेच जुने शस्त्र उलटे फिरविले. कर्म अनादी म्हटल्याने प्रश्न सुटत नाही, तो केवळ मागे मागे ढकलला जातो, असा त्यांचा नवा आक्षेप.

माझ्या अल्प मतीस विचाराल तर गोऱ्यांचे पहिले आक्षेप व नंतरचे आक्षेप, दोन्ही अद्याप जागच्या जागी उभे आहेत. निष्पापाच्या दुःखाचा उलगडा आमच्या कर्मसिद्धान्ताने पुरता होत नाही, आणि त्यांच्या ईश्वरेच्छेनेही होत नाही. असो.

पुण्यात असतानाच रमाबाईंची गोऱ्यांशी ओळख झालेली होती. त्यांच्याविषयी त्यांना मोठा आदर वाटे. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी गोऱ्यांनी रमाबाईंसाठी सविस्तर पत्र लिहिले. पुढे रमाबाईंनी हा सिद्धान्त स्वीकारला. मात्र वरिष्ठ सांगतात म्हणून स्वीकारला, असे झाले नाही. जेराल्डीन भगिनी वारंवार आज्ञापालनाचा उपदेश करीत. त्यावर रमाबाईंचे उत्तर अशा आशयाचे आहे की, आपल्या देशातील पुरोहितांचे जोखड मोठ्या प्रयासाने मानेवरून उतरविले, ते दुसऱ्या पुरोहितांचे जोखड घेण्यासाठी नव्हे; ईश्वराचा शब्द मी मानीन, पण धर्माध्यक्षाच्या तोंडून निघणारे प्रत्येक वाक्य म्हणजे ईश्वराचा शब्द नव्हे. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. तेथे संस्कृत अक्षरे का नकोत, लॅटिनमध्ये असे काय अधिक पवित्र आहे, असाही त्यांनी प्रश्न केला. अंडी घातलेले पक्वान्न त्या खात नसत. भगिनींना त्यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाई जन्मभर शाकाहारी राहिल्या.

ह्या शेवटच्या गोष्टीत तिसरा प्रश्न आहे, ईश्वरी नियमाचा. आपल्याकडे श्रुतिस्मृती, तशी यहूद्यांकडे मोशेची आज्ञा; मराठी बायबलात तिला 'नियमशास्त्र' म्हणतात. काय खावे, काय शिवू नये, सुंता कोणाची करावी, हे सर्व त्यात आहे. येशूनंतर त्याच्या अनुयायांत पहिला मोठा वाद ह्यावरच झाला: यहूदी नसलेल्याने ख्रिस्ताकडे येताना हे नियम पाळावेत काय? संत पौलाने नाही असे उत्तर दिले. त्याच्या म्हणण्याचे तात्पर्य असे की नियमाने पाप कळते, पण नियमाने पाप सुटत नाही. तारण देवाच्या कृपेने, श्रद्धेच्या द्वारे होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर प्रायश्चित्ताच्या कोष्टकाने मोक्ष मिळत नाही. भक्तिमार्गी वाचकाला ह्यात अगदीच परके काही वाटू नये.

रमाबाईंच्या आचरणात ह्याचा परिणाम कसा दिसतो पाहा. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. त्यात ब्राह्मण विधवांचे सोवळेओवळे, स्वयंपाक, जातीचे आचार सांभाळण्याची व्यवस्था ठेविली होती. ज्या बाईला नियमात मोक्ष दिसत नाही, तिला दुसऱ्याचा नियम मोडण्यातही मोक्ष दिसत नाही, असा ह्याचा अर्थ मी करतो. परंतु त्या स्वतः प्रार्थना करीत तेव्हा दार बंद करीत नसत, आणि मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली ह्यावरून पुण्यात वादळ उठले. 'केसरी'ने टीका केली. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माविषयी तटस्थ राहू असे सांगून काढलेल्या संस्थेत असे घडावे, ह्याबद्दल पालकांना राग आला तर त्यांना दोष देता येत नाही. आणि उघड्या दारातून त्या मुली आत का गेल्या, ह्याचा विचार पुण्याने केला नाही, तो दोषही राहतोच.

मधल्या काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या स्वतःच्या श्रद्धेत पालट झाला होता. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे प्रवचने करीत होता, आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनाने त्याचे मन पालटले. ते वाचून रमाबाईंना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो सापडलेला नाही. वेदान्ताच्या विद्यार्थ्यास हा भेद नवा नाही. त्याला परोक्ष व अपरोक्ष ज्ञान म्हणतात. गूळ गोड असतो असे ऐकणे निराळे आणि तो जिभेवर ठेवणे निराळे. ह्यानंतरच्या त्यांच्या लेखनात त्रैक्याची वादावादी जवळजवळ दिसत नाही. पापी माणसाला, आणि विशेषतः पतित म्हणून टाकलेल्या स्त्रीला, आत्ता आणि ह्याच जन्मात तारण आहे, पुढच्या पुरुषजन्माची वाट पाहावी लागत नाही, एवढेच त्या पुनःपुन्हा सांगतात.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो अनाथ मुली आणल्या. पुण्यात प्लेग आला. मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावची माळजमीन उपयोगी पडली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारे २००० वर गेली. आता ह्या मुली ब्राह्मण विधवा नव्हत्या; सर्व जातींच्या, बहुतेक निरक्षर. १९०५ साली तेथे प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली रात्रंदिवस रडत, पापांचा उच्चार करीत प्रार्थना करीत. ते प्रकार वाचून आजही काही ख्रिस्ती मंडळी धन्यता मानतात, तर काही संकोचतात. मला त्याहून निराळीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

ह्या मुलींच्या हाती बायबल द्यावे, तर प्रचलित मराठी भाषांतरे पंडिती वळणाची होती. रमाबाईंनी चाळिशी उलटल्यावर हिब्रू व ग्रीक ह्या भाषा शिकावयास घेतल्या, आणि संपूर्ण बायबलाचे सोप्या, बायकांच्या बोलण्यातल्या मराठीत भाषांतर आरंभिले. नवा करार १९१२ च्या सुमारास तयार झाला. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळविणाऱ्या पुष्कळशा तेथल्याच स्त्रिया. १९२१ साली मनोरमा वारली. रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांचा अंत झाला, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

त्या भाषांतराच्या गुणदोषांविषयी जाणकारांत मतभेद आहेत. पुष्कळ ठिकाणी वाक्ये खडबडीत आहेत, कारण मूळ शब्दाला शब्द धरून जाण्याचा त्यांचा कटाक्ष होता. परंतु ज्यांच्या जिभेवर भागवत नाचत होते, ज्यांना संस्कृत समास रचणे श्वास घेण्याइतके सोपे होते, त्या बाई ओळीओळीतून संस्कृत काढून टाकीत बसल्या होत्या. वडिलांनी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवून शास्त्राच्या दारापर्यंत आणले. मुलीने शास्त्रच उचलून माजघरात, जात्यापाशी आणून ठेविले. दौंड तालुक्यातल्या त्या आवारात ज्या स्त्रिया खिळे जुळवीत होत्या, त्यांतल्या कित्येकींना काही वर्षांपूर्वी स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते.